वेशीबाहेरचे इतिहासकार

"ऐकायला वेळ नाही, लिहून टाक" असे मेसेज बऱ्याच दिवसांपासून येतायत, म्हणून हा भाग लिखित स्वरूपात. बोलताना जिथे अडखळलो तेवढं गाळलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजची गोष्ट आहे एका कब्रस्तानाची. इजिप्तच्या कैरो शहरात बाब अल-नस्र नावाचा जुना दरवाजा आहे. त्याच्या बाहेर हे कब्रस्तान. इब्न खल्दून नावाचा जगातला एक फार मोठा इतिहासकार तिथे पुरलेला आहे. राज्यं का उभी राहतात आणि का कोसळतात, हे ज्याने सहाशे वर्षांपूर्वी मांडलं, तो हा माणूस. ट्युनिसमध्ये त्याचा पुतळा आहे, ट्युनिशियाच्या दहा दिनारच्या नोटेवर त्याचा चेहरा एकेकाळी छापला गेला होता. आणि त्याची कबर नेमकी कुठे आहे, हे आज कोणी दाखवू शकत नाही.

मी काही इतिहासाचा विद्यार्थी नाही. बीटेक, कॉम्प्युटर. माझा रूममेट समाजशास्त्र घेऊन यूपीएससीची तयारी करायचा, त्याच्या तोंडून हे नाव पहिल्यांदा ऐकलं. मग कंपनीने एका प्रोजेक्टसाठी दोन आठवडे कैरोला पाठवलं. तिकडे सुट्टी शुक्रवार-शनिवार. पहिल्या शुक्रवारी टीममधले सगळे पिरॅमिड बघायला गेले, आणि मी मॅप उघडून निघालो इब्न खल्दूनला शोधायला.

दरवाजा

खान अल-खलिली हा कैरोचा प्रसिद्ध बाजार. तिथून उत्तरेला जमालिया रस्ता निघतो. कैरोतले लोक 'ज'चा उच्चार 'ग' करतात, त्यामुळे कोणाला विचारायचं तर 'गमालिया' म्हणायचं. दोन्ही बाजूंना दुकानं, मध्येच सातशे वर्षं जुनी दगडी इमारत, तिच्या पायरीवर चहा पिणारी माणसं. या रस्त्याच्या टोकाला बाब अल-नस्र येतो. अर्थ, विजयाचा दरवाजा.

दोन भक्कम चौकोनी बुरूज. दगडात कोरलेल्या ढाली आणि तलवारी. वर कुफी लिपीतला लेख. 1798 मध्ये नेपोलियनचं सैन्य आलं, तेव्हा फ्रेंचांनी या बुरुजांना आपल्या अधिकाऱ्यांची नावं दिली आणि ती दगडात कोरली. ती नावं अजून आहेत. फ्रेंच मात्र तीन वर्षांत गेले.

हा दरवाजा बांधला 1087 मध्ये. बांधणारा बद्र अल-जमाली, मुळचा आर्मेनियन गुलाम, पुढे सेनापती आणि वजीर झालेला. कैरो शहर वसवलं होतं फातिमी खलिफांनी, 969 मध्ये. शंभर वर्षांत त्यांची घडी विस्कटली. नाईलला पुरेसं पाणी आलं नाही, दुष्काळ पडला, सैन्याच्या तुकड्या आपसात लढू लागल्या, खलिफाचा महालसुद्धा लुटला गेला. तेव्हा खलिफा अल-मुस्तन्सिरने बद्रला बोलावणं धाडलं. बद्र आला, त्याने बंडखोरांना मोडून काढलं आणि सगळी सत्ता स्वतःच्या हातात घेतली. शहराची मातीच्या विटांची तटबंदी काढून दगडी तट आणि दरवाजे उभारले. पुढे 1094 मध्ये तो वारला आणि त्याला पुरलं ते याच दरवाजाबाहेर. इथल्या कब्रस्तानाची सुरुवात त्याच्यापासून झाली असं मानतात.

आपल्याकडे स्मशान वेशीबाहेर असतं ना, तसंच हे. राहणारे आत, गेलेले बाहेर. फरक एवढाच, की कैरोने पुढे वेस ओलांडली. दरवाजाबाहेर घरं आली, रस्ते आले, बाजार आले. बाहेरचं कब्रस्तान शहराच्या मधोमध येऊन बसलं.

आत पुरून घेण्याचा मान होता फक्त खलिफांना. त्यांच्या कबरी महालाच्या आवारात. इजिप्तला येताना त्यांनी पूर्वजांच्या शवपेट्याही ट्युनिशियातून बरोबर आणल्या होत्या. मग काय झालं? 1380 च्या दशकात, म्हणजे फातिमींचं राज्य बुडून दोनशे वर्षं झाल्यावर, जहारकस अल-खलिली नावाच्या एका अमीराला तिथे व्यापाऱ्यांसाठी सराई बांधायची होती. त्याने कबरी उकरल्या आणि हाडं गावाबाहेरच्या उकिरड्यावर टाकायला लावली. आज आपण ज्या खान अल-खलिलीतून फ्रिजवर लावायचे उंट विकत घेतो, तो या खलिलीचा खान.

म्हणजे ज्यांच्या कबरी सगळ्यात सुरक्षित असायला हव्या होत्या, त्याच आधी गेल्या. आणि ही हकिगत आपल्यापर्यंत पोचली, कारण वेशीबाहेर पुरल्या गेलेल्या एका माणसाने ती लिहून ठेवली. त्याच्याकडे येतोच.

तीन पिढ्यांचं गणित

इब्न खल्दूनचा जन्म 1332 चा, ट्युनिसचा. सतरा-अठराव्या वर्षी प्लेगच्या मोठ्या साथीत आई-वडील गेले. पुढे वीस-पंचवीस वर्षं उत्तर आफ्रिका आणि स्पेनमधल्या दरबारांत नोकऱ्या, कटकारस्थानं, एकदा तुरुंगवास. शेवटी कंटाळून अल्जीरियातल्या एका आडबाजूच्या गढीत जाऊन बसला आणि 1377 मध्ये पाच महिन्यांत 'मुकद्दिमा'चा पहिला मसुदा लिहून काढला. मुकद्दिमा म्हणजे प्रस्तावना. जगाचा इतिहास लिहायला घेतला होता, त्याची ही प्रस्तावना. आज इतिहासापेक्षा प्रस्तावनाच जास्त वाचली जाते.

त्याचा मुद्दा थोडक्यात सांगतो. राज्य उभं राहतं ते 'असबिया'वर. असबिया म्हणजे एकमेकांसाठी जीव द्यायला तयार असलेल्या माणसांची एकजूट. ही एकजूट वाळवंटात, डोंगरात, हलाखीत तयार होते. पहिली पिढी लढून राज्य मिळवते. दुसरीने तो संघर्ष जवळून पाहिलेला असतो, तेवढ्यावर ती टिकते. तिसरीला फक्त ऐषआराम माहीत असतो. मग भाडोत्री सैन्य, खर्च, वाढते कर, आणि बाहेरून नवी भुकेली टोळी. पिढी साधारण चाळीस वर्षांची. तीन पिढ्या म्हणजे एकशेवीस वर्षं.

दरवाजाखाली उभं राहून मी सहज वजाबाकी केली. 1087 वजा 969. एकशे अठरा. खलिफांनी शहर वसवल्यापासून एकशे अठरा वर्षांनी त्यांच्याच वजिराने हा दरवाजा बांधला, आणि तोवर खलिफाच्या हातात नावापुरतीच सत्ता उरली होती. आता हे गणित तंतोतंत नाही, हे मला कळतं. फातिमी घराणं 909 मध्येच उत्तर आफ्रिकेत गादीवर आलं होतं, आणि ते संपवलं सलाउद्दिनने 1171 मध्ये. आपल्याला हवं ते उत्तर येईपर्यंत डेटा कापायचा, ही सवय आमच्या क्षेत्रात भरपूर आहे. पण हाच विचार ज्याने शिकवला तो माणूस इथेच कुठेतरी मातीत आहे, हे आठवून अंगावर काटा आला, हे खरं.

कैरोत तो आला 1383 च्या सुरुवातीला. वय पन्नास. सुलतान बरकूकने त्याला मालिकी पंथाचा मुख्य काझी केलं. बरकूकने रदबदली करून त्याच्या कुटुंबाला ट्युनिसहून निघायची परवानगीही मिळवून दिली. 1384 मध्ये ते जहाज इजिप्तच्या किनाऱ्याजवळ येऊन बुडालं. कुटुंब गेलं. त्याने स्वतःच्या चरित्रात हे अगदी थोड्या शब्दांत नोंदवलंय.

त्यानंतर तो बावीस वर्षं जगला. सहा वेळा काझी झाला, पाच वेळा काढला गेला. 1389 मध्ये तो बैबर्सच्या खानकाहचा, म्हणजे सूफींच्या मठाचा, प्रमुख झाला. ही खानकाह जमालिया रस्त्यावरच आहे. मघाशी म्हटलं ना, सातशे वर्षं जुनी इमारत, तीच. तिथून दरवाजा चालत काही मिनिटांवर.

1401 मध्ये तैमूरने दमास्कसला वेढा दिला. हा तोच तैमूर, ज्याने दोन वर्षांपूर्वी दिल्ली लुटली होती. इब्न खल्दून तेव्हा दमास्कसमध्ये अडकलेला. त्याने काय केलं, तर दोराने तटावरून खाली उतरला आणि तैमूरला जाऊन भेटला. जवळपास सत्तरीचा माणूस! कित्येक दिवस गप्पा झाल्या. तैमूरने उत्तर आफ्रिकेची माहिती मागितली, याने लिहून दिली. निघताना तैमूरला त्याचं खेचर आवडलं, तर खेचरही दिलं. ज्या भुकेल्या टोळीबद्दल आयुष्यभर लिहिलं, तिचा म्होरक्या समोर बसलेला. मला वाटतं, भीतीइतकंच कुतूहलही त्याला तिथे घेऊन गेलं असणार.

17 मार्च 1406 ला तो वारला. सहाव्यांदा काझीपदावर असताना. त्याला बाब अल-नस्रबाहेरच्या सूफींच्या कब्रस्तानात पुरलं, एवढी नोंद आहे. त्यापुढे काही नाही.

बाजार तपासनीस आणि शेख इब्राहिम

तर खलिफांच्या हाडांची हकिगत लिहून ठेवणारा माणूस, अल-मकरीझी. इब्न खल्दूनचा शिष्य. जन्म 1364, कैरोचाच. काही काळ तो शहराचा मुहतसिब होता, म्हणजे वजनं-मापं, भाव, भेसळ तपासणारा अधिकारी. त्याच्या काळात पुन्हा दुष्काळ आणि साथ आली, त्यात त्याची मुलगी गेली. त्यानंतर त्याने इजिप्तमधल्या दुष्काळांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात तो नुसता नाईलला दोष देत नाही. लाच देऊन मिळवलेली सरकारी पदं, जमिनीचे वाढते खंड आणि बाजारात ओतलेली तांब्याची नाणी, अशी तीन कारणं तो सांगतो. गुरूचं शिक्षण आणि बाजाराचा अनुभव, दोन्ही त्यात दिसतं.

त्याचं मोठं काम म्हणजे 'खितत'. कैरोचा रस्ता न् रस्ता, मशिदी, हमामखाने, बाजार, महाल, कब्रस्तानं. काय होतं, कोणी बांधलं, कोणी पाडलं. आमच्या भाषेत सांगायचं तर एका माणसाने हाताने केलेला अख्ख्या शहराचा बॅकअप. तो 1442 मध्ये वारला आणि त्यालाही बाब अल-नस्रबाहेर सूफींच्या कब्रस्तानातच पुरलं. कुठे कोण पुरलंय हे आयुष्यभर लिहिणाऱ्याची स्वतःची कबरही आज सापडत नाही.

मी दरवाजाबाहेर आलो, रस्ता ओलांडला आणि कब्रस्तानात शिरलो. शुक्रवार असल्याने माणसं कबरींवर आलेली. इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. इजिप्तमध्ये बऱ्याचदा जमिनीखाली एक खोली असते, पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी. एकाच घराण्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या तिथेच ठेवतात. वर जी कबर दिसते ती खूण. तिच्याभोवती भिंत आणि अंगण, त्याला 'होश' म्हणतात. कडेला एखादी-दुसरी खोली, सणावाराला येऊन राहायला. बाब अल-नस्रला यातलं बरंच बांधकाम लाकडी आहे. काही होशांत कुटुंबं कायमची राहतात. दोरीवर कपडे वाळत होते, आतून टीव्हीचा आवाज येत होता.

कब्रस्तान सांभाळणाऱ्याला तिथे 'तुरबी' म्हणतात. एक म्हातारे तुरबी भेटले. मी फोनवर अरबीत टाईप करून दाखवलं: इब्न खल्दूनची कबर कुठे आहे? त्यांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुझे नातेवाईक का?" मी नाही म्हटलं. ते हसले. इथे कबर सापडते ती घराण्याच्या नावावरून. घराणंच राहिलं नाही, तर विचारायचं कोणाला?

मग ते म्हणाले चल, आणि मला एका वेगळ्याच कबरीपाशी घेऊन गेले. परदेशी दिसला की तो हिलाच शोधत आलेला असणार, असा त्यांचा अनुभव असावा. ती होती शेख इब्राहिमची कबर. खरं नाव योहान लुडविग बुर्कहार्ट. स्वित्झर्लंडचा. 1812 मध्ये जॉर्डनमधलं पेट्रा हे दगडात कोरलेलं शहर युरोपला पुन्हा माहीत करून देणारा. अबू सिंबलचं देऊळ पाहून त्याचं वर्णन करणाराही तोच.

त्याचा आपल्याशी एक मजेशीर संबंध आहे. 1809 मध्ये सीरियाकडे निघताना त्याने वेष घेतला होता हिंदुस्थानी मुसलमान व्यापाऱ्याचा. लोक म्हणायचे, मग जरा हिंदुस्थानी बोलून दाखव. हा गडी बिनधास्त आपल्या गावाकडची स्विस जर्मन ठोकून द्यायचा, आणि लोकांना ते पटायचं! पुढे तो उत्तम अरबी शिकला, मक्केलाही जाऊन आला. मनाने मुसलमान झाला होता की प्रवासासाठी, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. आफ्रिकेच्या आत जाणाऱ्या काफिल्याची वाट बघत तो कैरोत थांबला होता. 15 ऑक्टोबर 1817 ला तिथेच आजाराने गेला. वय बत्तीस. मुसलमान म्हणूनच पुरला गेला. दगडावर अरबीत त्याचं नाव आहे, लोझानचा म्हणून उल्लेखही आहे. ज्याच्या देशातले लोक त्याला शोधत आले, त्याचा दगड टिकला.

सण आणि बुलडोझर

कब्रस्तान म्हटलं की आपल्या डोक्यात सुतकी चित्र येतं. पण फातिमींच्या काळात इथे दरवाजाबाहेर ईदच्या नमाजाचं मैदान होतं. खलिफा मिरवणुकीने याच वेशीतून बाहेर यायचा. 1836 मध्ये एडवर्ड लेन या इंग्रजाने कैरोच्या चालीरीतींवर पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यात ईदच्या दिवसांत या कब्रस्तानात तंबू, झोपाळे, गोष्टी सांगणारे शाहीर असं जत्रेचं वर्णन आहे. बायका खजुरीच्या फांद्या आणून कबरींवर ठेवायच्या. फांद्या मी गेलो त्या दिवशीही होत्या.

आता काळजीची गोष्ट. जुनं कैरो 1979 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. तरीही 2020 पासून तिथल्या ऐतिहासिक कब्रस्तानांतून नवे रस्ते आणि पूल निघाले, पूर्वेकडच्या आणि दक्षिणेकडच्या भागांत कितीतरी कबरी पाडल्या गेल्या. सरकारचं म्हणणं, नोंदणीकृत स्मारकाला हात लावलेला नाही. कागदावर ते बरोबरही असेल. पण गोम तिथेच आहे. ज्याची कबर सापडत नाही, त्याची नोंदणी कशी होणार? शहराला रस्ते लागतात, हे मी पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये आयुष्य घालवणारा माणूस नाकारणार नाही. पण होश पाडला की ती खालची खोली, तिच्यातल्या सात-आठ पिढ्या आणि "तुझे नातेवाईक का?" असं विचारणारा तुरबी, हे सगळं एकदम जातं. कैरोतले काही तरुण सुट्टीच्या दिवशी जाऊन कबरींवरचे लेख वाचतात, फोटो काढतात, नोंदी ठेवतात. मकरीझीचंच काम, फोन घेऊन.

हे सगळं मला एवढं का लागलं, ते सांगून थांबतो. माझ्या आजोबांचं गाव उजनी धरणात गेलं. वेस गेली, वेशीबाहेरचं स्मशानही गेलं. श्राद्धात तीन पिढ्यांची नावं घेतात: वडील, आजोबा, पणजोबा. इब्न खल्दूनच्याही तीनच पिढ्या, हे कैरोत हॉटेलच्या खोलीत रात्री लक्षात आलं. बाबांना फोन लावला. पणजोबांचं नाव त्यांनी लगेच सांगितलं. मी विचारलं, त्यांच्या वडिलांचं? बाबा जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "आत्याला विचारायला हवं."

आत्या एक्क्याऐंशी वर्षांची आहे. परत आल्यावर पहिल्याच रविवारी तिच्याकडे गेलो. तिला नाव आठवलं, आडगावचे दोन चुलत भाऊ आठवले, आणि नदीकाठी पिंपळाखाली एक दगड होता तो आठवला. पिंपळ आता पाण्याखाली. मी सगळं वहीत लिहून घेतलंय, तिच्या आवाजात रेकॉर्डही केलंय.

तुमच्या घरी अशी कोणी आत्या असेल, तर या रविवारी जाऊन या. भेटू पुढच्या भागात.